तिसरीच्या तराजूचा पासंग

गुलमंडीतल्या शालेय साहित्याच्या दुकानांत हल्ली प्रकल्प तयार मिळतात. पुठ्ठ्याची सूर्यमाला, ज्वालामुखी, पवनचक्की, जलचक्र. दुकानदार चपलेचा नंबर विचारावा तसं "कितवीचं पाहिजे?" म्हणून विचारतो आणि वरच्या फळीवरून काढून देतो. एकदा मी वह्यांसाठी उभी होते. माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "असं द्या, पोरानंच केल्यासारखं वाटलं पाहिजे." दुकानदार म्हणाला, "मग हे घ्या. यात मुद्दाम जरा वाकडं चिकटवलंय."

माझा जन्म या वाकड्या चिकटवण्याशी भांडण्यात गेला. महापालिकेच्या मराठी शाळेत पहिली ते चौथीच शिकवली, निवृत्त झाले तीही तिथूनच. 'कृतीतून शिक्षण' या विषयावर अनुभवाचं काहीतरी प्रसन्न लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. अनुभव आहेत. प्रसन्नतेचं मात्र त्यांनी दुसरीकडं बघावं. आणि एक आधीच सांगून ठेवते. नावं मी बदलली आहेत, रस्त्याचा कोपराही बदलला आहे. तेव्हा पुंडलिकनगरात भाजी घेणाऱ्यांनी उगाच कुणाचे तराजू निरखत बसू नये.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कृतीतून शिक्षण म्हणजे मुलं हसतखेळत चिखल मळतायत आणि बाई टाळ्या वाजवतायत. प्रशिक्षणात तेच दाखवतात. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं काम आवरायचं असतं आणि उरलेलं फोटो काढायचं. कृती झाली की फोटो वर पाठवायचा. फोटो गेला नाही तर कृती झालीच नाही. बी रुजण्याचा प्रयोग मी एका वर्षी दुसरीला दिला. फडक्यात मटकी बांधली, रोज पाणी शिंपडायला पाळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी मोड आले का बघायला फडकं सोडलं, तर आत काहीच नाही. उंदीर म्हणावं तर फडक्याची गाठ जशीच्या तशी. शेवटी एक पोरगी म्हणाली, "मॅडम, मोड आले होते. लई गोड होते." भुकेलं लेकरू प्रयोग खातं, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. मी पुन्हा मटकी आणली, या वेळी दुप्पट, निम्मी खाण्यासाठी.

पण मला सांगायचं आहे ते तराजूचं.

तिसरीला वजनमाप असतं. पुस्तकात तराजूचं चित्र असतं आणि खाली रिकाम्या जागा भरा. मी वर्गाला विचारलं, "किलो म्हणजे किती रे?" ओंकार नावाचा एक पोरगा उठला. त्याला सगळ्यात आधी उठायची सवयच होती. म्हणाला, "किलो म्हणजे वीस रुपयाचे टमाटे." वर्ग हसला नाही, कारण वर्गाचंही तेच मत होतं. तेव्हा मी ठरवलं की तराजू करायचा. दुकानातून आणायचा नाही, वर्गानं करायचा आणि खरा करायचा.

त्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर दोघी बसायच्या. एक प्रज्ञा. तिचे वडील गवंडी. शाळेच्या दारात भेटले की "जय भीम मॅडम, पोरगी त्रास देत नाय ना?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कामावर जायचे. त्रास द्यायला पोरगी बोलायला तर पाहिजे. प्रज्ञाचे हात कामात असले तरच तिला तोंड फुटायचं. शेजारची वैष्णवी उलट. तिचे वडील सुदामभाऊ, गावाकडची थोडी शेती भावावर टाकून शहरात आलेले. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांची भाजीची हातगाडी. संध्याकाळी वैष्णवी गाडीवर उभी राहून अशी आरोळी द्यायची की आमच्या स्टाफरूममध्ये पालकाचा भाव कळायचा. एकीला बोलायचा कंटाळा आणि दुसरीला गप्प बसायचा, म्हणून त्यांचं जमत असावं. डबा एकच, दोघींत उघडायचा.

दांडीसाठी लाकडाची पट्टी प्रज्ञानं वडिलांच्या कामावरून आणली. पारडी म्हणून रंगाच्या डब्यांची दोन झाकणं. सुतळीनं बांधून खिडकीच्या गजाला सगळं टांगलं आणि अख्खा वर्ग श्वास रोखून बघत राहिला. तराजू डावीकडं कलला. रिकामाच कलला.

वर्गाचा चेहरा पडला. मग मी त्यांना पासंग सांगितला. दोन पारडी कधीच तंतोतंत सारखी नसतात. जी बाजू हलकी, तिथं लहानसं काहीतरी बांधून दांडी सरळ करतात, तो पासंग. आपण एखाद्याला 'तू त्याच्या पासंगाला पुरणार नाहीस' म्हणतो, तोच हा. प्रज्ञानं शर्टाचं बटण बांधून पाहिलं, खोडरबराचा तुकडा बांधून पाहिला. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतून लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली घालतात ती भोकाची चकती, आणला, दोऱ्यानं उजव्या बाजूला बांधला आणि केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत राहिली. जेवणाची सुट्टी संपली तरी सरकवतच होती. दांडी सरळ झाली तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "आता थांबली." ओरडली ती वैष्णवी. "मॅडम, आमच्या प्रज्ञानं केलं!"

मग मिठाचा किलोचा बंद पुडा एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वाळू ओतली. पुड्याएवढी झाली की जुन्या चादरीच्या पिशवीत शिवली. झाला आमचा किलो. किलोची वाळू दोन पारड्यांत सारखी वाटली, झाला अर्धा. अर्ध्याचे दोन पाव. कुणी रिकाम्या जागा भरल्या नाहीत, पण किलो म्हणजे किती हे त्या पोरांच्या हातांना कळलं. एक नियम मी त्यांच्याकडून घोटून घेतला होता. तराजूवर विश्वास ठेवायचा नाही, उलटून बघायचं. या पारड्यातलं त्या पारड्यात, त्यातलं यात. दोन्ही वेळा तेच आलं तर तराजू खरा. ओंकारला तर तो नियम इतका आवडला की तो वाटेल त्याला "उलटून बघा" म्हणत सुटला होता.

डिसेंबरात शाळेत आनंद बाजार भरतो. मुलं भाजी, लिंबं, चिवडा विकतात, आया विकत घेतात, नफातोटा समजतो असं म्हणतात. त्या वर्षी भाजी सुदामभाऊंनी द्यायची आणि मोजायची तिसरीच्या तराजूवर, असं ठरलं. केंद्रप्रमुख येणार होते. माझा तोरा विचारू नका. गुलमंडीच्या सगळ्या सूर्यमालांचं नाक मी त्या दिवशी कापणार होते.

सकाळी वैष्णवी दप्तरात काहीतरी जड घेऊन वाकडी चालत आली. लोखंडी वजन, एक किलोचं. "मॅडम, खरं किलो आणलंय. आपल्या वाळूला दाखवू. सगळ्यांसमोर." कुणी सांगितलं नव्हतं, तिच्याच मनानं तिनं गाडीवरून उचललं होतं. प्रज्ञाच्या तराजूची कुणी टिंगल करू नये म्हणून तिला लोखंडाचा पुरावा हवा होता. मलाही ती कल्पना आवडली.

पटांगणात तराजू टांगला. आया जमल्या. बहुतेक सगळ्या कोपऱ्यावरच्या गाडीच्या रोजच्या गिऱ्हाईक. सुदामभाऊ मेथीच्या जुड्या उतरवत होते, त्यांची पाठ आमच्याकडं. वैष्णवीनं जाहीर केलं, "आता बघा हां, आमची वाळू आणि पप्पाचं वजन!" डाव्या पारड्यात वाळूची पिशवी, उजव्यात लोखंड.

वाळू खाली गेली आणि लोखंड वर गेलं. थोडं नाही, चांगलं वर गेलं.

पोरांना आधी गंमत वाटली. "वाळू जड! वाळू जड!" मग आयांच्यात कुणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि ती गंमत संपली. मागून एक जण बोलली, "तरीच म्हणलं, माझी भाजी कामून पुरत नाय." दुसरी म्हणाली, "मापात पाप, दुसरं काय." सुदामभाऊ वळले. हातातली जुडी तशीच होती. त्यांनी वजन कुठून आलं हे आधी बघितलं नाही, लेकीकडं बघितलं. वैष्णवी पारड्याकडं बघत होती. ती हुशार पोरगी. आपण काय आणलं आहे हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आठ वर्षांच्या लेकराचा चेहरा इतका म्हातारा झालेला मी आधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात प्रज्ञा पुढं आली. टाचा उंचावून तिनं उजव्या हातानं दांडी धरली, काहीतरी चाचपलं आणि म्हणाली, "पासंगच नाय इथं."

कधी नव्हे ती मोठ्यानं बोलली होती.

"मॅडम, पासंग निसटला. कुठंतरी पडला. बघा." तिनं वाळू काढली, लोखंड काढलं. रिकामा तराजू डावीकडं कलला. "बघा, रिकामाच वाकडा हाये. आपलाच तराजू चुकतोय."

तिची उजवी मूठ मिटलेली होती. मुठीतून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. मी तिच्या अगदी जवळ होते, म्हणून मला दिसलं. जेवणाची सुट्टी घालवून केसभर इकडं, केसभर तिकडं करून बसवलेला पासंग तिनं एका झटक्यात तोडून मुठीत घेतला होता.

आया हसल्या. सुटका झाल्यासारख्या हसल्या, कारण रोजच्या भाजीवाल्याशी भांडण कुणाला हवं असतं? "पोरांचा खेळ तो, त्याच्यावर काय जायचं!" एकीनं विचारलं, "कुणी केलाय गं हा?" कुणीतरी सांगितलं. "गवंड्याच्या पोरीनं व्हय? मग भिंतीबी अशाच असतील बापाच्या." पुन्हा हशा. प्रज्ञा तिथंच उभी होती.

आणि ओंकार ओरडला, "मॅडम, उलटून बघू ना! इकडचं तिकडं टाकून बघू!"

माझ्याच तोंडचा नियम. तराजू खोटा आहे की वजन, हे उलटून लगेच कळलं असतं. पोराच्या डोळ्यांत खरोखर उत्सुकता होती, नाठाळपणा नव्हता. इतकी वर्षं मी याच प्रश्नासाठी खडू झिजवला. मी म्हणाले, "बस खाली. भाजी सुकतेय, वेळ नाही."

तो बसला. पण 'मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं' असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मग बाजार भरला. आमचा तराजू वाकडा ठरला होता, म्हणून सुदामभाऊंचाच तराजू गाडीवरून आणला आणि त्यांची बाकीची वजनं. सगळ्या आयांनी त्या दिवशी त्याच मापानं भाजी घेतली, कौतुकानं, लेकरांच्या हातून. केंद्रप्रमुख आले, वाकड्या तराजूसमोर मुलांना उभं करून फोटो काढला आणि म्हणाले, "उपक्रम छान. अचूकतेवर थोडं काम करा." मी "हो सर" म्हटलं. रागानं माझे कान तापले होते आणि राग नेमका कुणाचा येतोय हे कळत नव्हतं.

संध्याकाळी सुदामभाऊ रिकामी क्रेट न्यायला आले. बराच वेळ क्रेटवर क्रेट रचत राहिले.

"मॅडम, ती तराजूवाली पोरगी लई हुशार हाये."

"आहे."

"तुमीबी बघितलं ना? मूठ."

ते क्रेटवरच बसले.

"मी काय हौसंनं करीत नाय. मोंढ्यातून माल आणतो तव्हा तिथं कुणी घासाघीस करू देत नाय. इथं बाया भाव पाडत्यात, वरून कोथिंबीर फुकट मागत्यात. नाय म्हणलं की पुढच्या गाडीवर. मग तोंडानं पडलेला भाव मापानं उचलावा लागतो. समदेच उचलत्यात."

"वैष्णवीला ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर आणलं असतं व्हय तिनं?" ते उठले. "आता झालं."

त्यांना रागवावं असं मला फार वाटलं. पण मीही त्या गाडीवर भाव पाडलेला होता. आणि कोथिंबीर तर मी हक्कानं घ्यायची.

मला वाटलं होतं, या दोघी आता आणखी जवळ येतील. शिक्षकांना अशी स्वप्नं पडतात. दुसऱ्या दिवशी वैष्णवी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. डबा वेगळा उघडला. जिनं आपल्याला वाचवलं तिच्या डोळ्याला डोळा देणं तिला जड जात असावं, आणि मोठ्यांना तरी कुठं जमतं? काही दिवसांनी ओंकार आणि मंडळी "प्रज्ञाचा तराजू, वाकडा तराजू" असं ओरडत मधल्या सुट्टीत पळत होती. त्यांना मी आवरायला गेले, तर सगळ्यात मोठा आवाज वैष्णवीचा होता. गाडीवर आरोळी द्यायची तसा. प्रज्ञा पायरीवर बसून भाकरी खात होती. तिनं मान वर केली, वैष्णवीकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

मी तिला बाजूला घेतलं. "प्रज्ञा, मला माहीत आहे."

"काय मॅडम?"

"तराजू बरोबर होता."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मीच काही फोडणार आहे. मग म्हणाली, "नव्हता," आणि पळाली.

तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. या पोरीला न्याय द्यायचा तर त्या पोरीच्या बापाला उघडा पाडायचा. दोन्ही एकदम जमेल असा पासंग मला सापडला नाही. तीसेक मुलांनी स्वतःच्या हातांनी एक खरी गोष्ट केली होती, आणि ती खोटी होती असं समजून ती मुलं चौथीत गेली. किलोच्या वाळूवर त्यांचा विश्वास उरला नाही. चौथीलाही त्यांना त्याच खोलीत मीच होते. मापाचा धडा काढला तर ओंकार म्हणाला, "मॅडम, करून नका दाखवू. पुस्तकातलंच सांगा." मग मी पुस्तकातलंच सांगितलं.

वैष्णवीला उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दुसऱ्या शाळेत घातलं. दाखला न्यायला सुदामभाऊ आले तेव्हा "इथून लांब पडतंय," म्हणाले. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. लोखंडी वजन मात्र त्यांनी कधीच परत मागितलं नाही. वाळूच्या पिशव्यांबरोबर ते वर्गाच्या कपाटात पडून होतं आणि तराजू पुन्हा खिडकीच्या गजाला टांगलेला होता, तसाच डावीकडं कललेला.

माझा शाळेतला शेवटचा दिवस. हार, श्रीफळ, भाषणं झाली. मी आवराआवर करत होते आणि प्रज्ञा फळा पुसायला थांबली होती. तराजूकडं बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "प्रज्ञा, जाताना मला एकदा सरळ झालेला बघायचाय. आता वैष्णवीही नाही इथं. बांध की गं तो पासंग. आहे ना तुझ्याजवळ?"

तिनं कंपासपेटी उघडली. खोडरबराखाली वायसर होता, दोऱ्यासकट. तिनं तो तळहातावर घेतला, तराजूकडं बघितलं. दांडीवर पासंगाची जागा अजून दिसत होती, दोऱ्याचा वळ पडला होता. तिचा हात जरा वर गेला. मला वाटलं, बांधते.

"नको मॅडम," ती म्हणाली. "सरळ दिसला की ओंकार लगीच उलटून बघंल. वजन कपाटातच हाये." तिनं वायसर पेटीत ठेवून पेटी लावली. "आणि गाडी अजून कोपऱ्यावरच लागती."

मागच्या महिन्यात माझ्या जागेवर आलेल्या नव्या बाईंचा फोन आला. वर्ग रंगवायचा आहे, खिडकीला एक मोडका तराजू टांगलाय, मुलांनी केलेला दिसतो, पण फारच वाकडा आहे, कुणी मन लावून केलेला वाटत नाही, टाकून देऊ का?

कोपऱ्यावरची गाडी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"द्या टाकून," मी म्हटलं. "तो पहिल्यापासूनच तसा होता."